नणंद-भावजयीचं 'जेनेटिक' आणि माझे ११,८५० रुपये

आधीच सांगते, मी अडाणी नाही. वीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, दीड रुपयाचा फरक राहिला तरी सापडेपर्यंत उठत नाही. तरी उपनगरातल्या एका मॉलमध्ये स्वतःच्या तोंडापायी ११,८५० रुपये घालवून आले.

ते 'फ्री स्किन ॲनालिसिस' कसं चालतं ते तुम्ही पाहिलंच असेल. मे महिना, कांदिवलीहून लोकलनं उभ्यानं आलेलो मी आणि नणंद, दोघींच्या तोंडावरून घाम निथळतोय. एसीत बसायला खुर्ची मिळाली, खरा मोह तोच.

मुलीनं आधी ओल्या वाइपनं गाल खसाखसा पुसला. गार लागलं, सॅनिटायझरसारखा वास आला. लगेच पेनासारखं यंत्र टेकवलं. आर्द्रता १८. "ताई, स्किन व्हेरी ड्राय आहे. आतून म्हातारी होतेय." मग नणंदेची पाळी. तिचा चेहरा दहावीपासून तेलकट, रुमालाशिवाय बाई घराबाहेर पडत नाही. तिचंही १८! मी हसत विचारलं, "दोघींचं सेम कसं गं?" तर म्हणते, "फॅमिलीत असतं ताई, जेनेटिक."

नणंद-भावजयीत जेनेटिक! तिचं माहेर ते माझं सासर, रक्ताचा संबंध आलाच कुठून? तिथेच उठायचं होतं. उठले नाही. चाळिशी उलटलेल्या बाईला कुणी 'आतून म्हातारी' म्हणून बघा, मग मला हसा. शिवाय नणंदेसमोर कंजूष दिसायचं नव्हतं. (तिनं स्वतः काहीच घेतलं नाही. असो.)

क्रीमच्या किटची किंमत १४,९९९, 'आजच्या आज' ११,८५०. तीन हजार रोख, उरलेल्याचे १,४७५ चे सहा हप्ते. वापरायचं कसं ते दाखवते म्हणत तिनं काउंटरवरच सगळी सीलं फोडली. तेव्हा मला वाटलं, किती प्रेमानं समजावतेय! सील फुटलेला माल परत घेत नाहीत, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात.

दहा दिवसांत कपाळ-हनुवटीवर पुळ्यांचं रान. त्वचेच्या डॉक्टरांचे ९०० आणि औषधांचे ६४० वेगळे. डॉक्टरांनी तोंड साध्या फेसवॉशनं धुवायला लावलं, काही न लावता तासभर बाहेर बसवलं आणि मग पाहिलं. कपाळ, नाक, हनुवटी चकचकीत, गाल ठीक. म्हणजे कॉम्बिनेशन, कुठे तेलकट, कुठे नाही. हे घरी फुकटात करा, टिश्यू टेकवून तेलाचे डाग कुठे उमटतात ते बघा. अल्कोहोलनं पुसलेली कातडी कुणाचीही कोरडीच दिसणार. आणि कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी, डिहायड्रेटेड म्हणजे पाणी कमी. तेलकट चेहऱ्यातही पाणी कमी असू शकतं. ही मंडळी नेमकी याचीच गल्लत करून विकतात.

डब्यावरची यादीही डॉक्टरांनीच वाचली. दुसऱ्या नंबरला 'कोकोस न्युसिफेरा ऑइल'. म्हणजे आपलं खोबरेल! वाण्याकडचं. मुंबईच्या दमटात, माझ्या कपाळावर.

मॉलचं ऑफिस म्हणालं, जागा भाड्यानं दिलीय, आमचा संबंध नाही. कंपनीच्या नंबरवर चाळीस मिनिटं सनई ऐकली. हप्ते म्हणजे माझ्या नावावर चक्क कर्ज निघालं. कर्जवाले म्हणतात, "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" दिला, 'वॉरंटी रजिस्ट्रेशन' म्हणून मागितला होता! चौकीत गेले तर साहेब जेवायला. दीड तासानं आले, डबा हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, क्रीम विकली म्हणून कुणाला आत टाकू? सिव्हिल मॅटर आहे." बाजूचा हवालदार हसला. दुसऱ्या खेपेला साधा अर्जही घेईनात, हद्द दुसऱ्या चौकीची म्हणे. त्या चौकीनं पुन्हा पहिलीकडे पाठवलं. दोन अर्ध्या रजा गेल्या, रिक्षाचे २१० रुपये गेले, हातात पोचही नाही. पुळ्यांनी भरलेलं तोंड घेऊन परक्या पुरुषांसमोर 'मी ड्राय नाही' हे सिद्ध करायचं, याची लाज कुणाला सांगू?

ओटीपी कशासाठी आलाय तो मेसेज पूर्ण वाचा. काउंटरवर सील फोडू देऊ नका. 'इम्पोर्टेड' डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर नसेल तर हातही लावू नका. माझ्या डब्यावर नुसता स्टिकर होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. माझे कागद तयार आहेत, सोमवारी देतेय.

तोवर दर ५ तारखेला १,४७५ कटतात. अजून तीन हप्ते बाकी. क्रीम टाचांना लावते.