नऊ महिने मोफत देवनागरी फॉन्टवर: पुण्यातल्या छपाईच्या कामातला अनुभव

गेल्या आषाढात मी ठरवले की यापुढचे छपाईचे काम शक्यतो मोफत आणि मुक्त परवान्याच्या फॉन्टवरच करून पाहायचे. नारायण पेठेत माझे दोन संगणकांचे काम आहे. गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, पुस्तकांची मांडणी, लग्नपत्रिका, खानावळींची दरपत्रके, शाळांच्या स्नेहसंमेलनाची पत्रके असे सगळे तिथे होते. आता फाल्गुन संपत आला आहे आणि या नऊ महिन्यांत वीसेक फॉन्ट वापरून त्यातले पाच-सहाच मी हाताशी ठेवले आहेत. ते का ठेवले आणि बाकीचे का काढले, हे मराठीत काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

आधी परवान्याविषयी, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. दोन वर्षांपूर्वी एका मिठाईच्या दुकानाच्या खोक्यांसाठी मी एका संकेतस्थळावरून एक नक्षीदार फॉन्ट उतरवून घेतला होता. पानावर ठळक अक्षरांत ‘मोफत’ असे लिहिले होते. दुकानाचे नाव बेतून झाले, मालकांना ते पसंत पडले आणि छपाईच्या आदल्या दिवशी मी फाइलसोबत आलेला मजकूर वाचला, तर तो फॉन्ट केवळ वैयक्तिक वापरासाठी मोफत होता. सगळे काम मागे घेऊन नव्याने करावे लागले आणि त्यात चार दिवस गेले. तेव्हापासून परवान्याची फाइल वाचल्याशिवाय मी फॉन्ट संगणकावर बसवत नाही.

एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स हा परवाना या बाबतीत सर्वांत निर्धास्त आहे. त्याची १.१ ही आवृत्ती २००७ सालची आहे आणि गूगल फॉन्ट्स या मोफत फॉन्टच्या संकेतस्थळावरचे बहुतेक देवनागरी फॉन्ट याच परवान्याखाली आहेत. व्यावसायिक कामात वापरा, पीडीएफमध्ये अंतर्भूत करा, फॉन्टमध्ये बदल करा, या सगळ्याला मुभा आहे. नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही, बदललेला फॉन्ट पुन्हा याच परवान्याखाली द्यावा लागतो, आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर ते नाव बदललेल्या फॉन्टला देता येत नाही. त्या फॉन्टमध्ये तयार केलेली पत्रिका किंवा पुस्तक मात्र या परवान्याच्या कक्षेत येत नाही, ते आपलेच राहते. मला सर्वांत मोठी सोय वाटली ती छापखान्याच्या बाबतीत: परवान्याच्या मजकुरासह फॉन्टची फाइल प्रेसला थेट पाठवता येते. विकत घेतलेल्या अनेक फॉन्टना ही मुभा नसते, आणि मग ‘सगळे कर्व्ह करून द्या’, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून द्या, असा निरोप येतो. एकदा अक्षरे कर्व्ह केली की शेवटच्या क्षणी सापडलेली एक वेलांटीसुद्धा प्रेसमध्ये दुरुस्त करता येत नाही.

आता अक्षरांविषयी. फॉन्टच्या पानावर दाखवलेला नमुना पाहून निवड करणे ही माझी जुनी सवय होती आणि ती मी सोडली, कारण त्या नमुन्यात सहसा सोपी अक्षरे असतात. आता माझा स्वतःचा एक परिच्छेद तयार आहे आणि नवा फॉन्ट आला की तो त्यात ओतून कागदावर काढतो. त्यात ‘मूर्तींची’ हा शब्द आहे, कारण रफार, वेलांटी आणि अनुस्वार तिन्ही एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात आणि कच्च्या फॉन्टमध्ये त्यांचा गोळा होतो. मंडळाच्या अहवालात हा शब्द पानोपानी येतो, म्हणून ही परीक्षा माझ्यासाठी केवळ तात्त्विक नाही. ‘वाङ्मय’, ‘चिठ्ठी’, ‘हृदय’ आणि ‘शुद्ध’ हे जोडाक्षरांसाठी आहेत, आणि ‘उद्‌घाटन’ हा पायमोडका द नीट उभा राहतो का ते पाहण्यासाठी आहे. ‘ॲडव्होकेट’ आहे, कारण ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या जागतिक प्रमाणात, २००८ साली स्वतंत्रपणे आले आणि त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो. रुपयाचे चिन्ह २०१० सालचे, तेव्हा दरपत्रकासाठी तेही तपासावे लागते. ‘रु’ आणि ‘रू’ शेजारी शेजारी ठेवले आहेत, कारण आठ पॉइंटला हे दोन उकार एकसारखे दिसणारे फॉन्ट मला तीन तरी सापडले.

सर्वांत महत्त्वाचा शब्द मात्र ‘कुऱ्हाड’. मराठीचा हा अर्धा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये तो एक तर नसतो, नाही तर शेजारच्या अक्षरापासून तुटून लोंबत राहतो. श्रावणात एका गिर्यारोहण मंडळाची पुस्तिका करत असताना ‘सह्याद्रीतल्या दऱ्या’ या मथळ्याचे पहिल्या प्रूफमध्ये ‘दर्या’ झाले होते, म्हणजे दरीचा समुद्र झाला. चूक मॅटर, म्हणजे छपाईचा मजकूर, जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून घेताना झाली होती, पण ती शोधताना एक गोष्ट कळली. हा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी टंकता येतो: एक म्हणजे ऱ या नुक्त्याच्या र ला हलन्त लावून, आणि दुसरा म्हणजे साध्या र ला हलन्त लावून त्यापुढे न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत देऊन. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधाच्या चौकटीत एक टंकले तर दुसरे सापडत नाही. म्हणून माझ्या परिच्छेदात हा शब्द दोन्ही मार्गांनी टंकलेला आहे, आणि पुस्तकाचे काम सुरू करताना सगळे मॅटर आधी एकाच मार्गावर आणून घेतो.

जुन्या मॅटरचा प्रश्न पुण्यात विशेष आहे. मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि सी-डॅकचे आयएसएम ही मराठी टंकनाची दोन्ही साधने इथलीच, आणि मराठी डीटीपीच्या (संगणकावरच्या पानमांडणीच्या) दोन पिढ्या त्यांवर उभ्या राहिल्या याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या काळातल्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे फॉन्ट काढला की खाली निरर्थक इंग्रजी अक्षरे उरतात. लेखकाकडून असे मॅटर आले की ते आधी युनिकोडमध्ये बदलावे लागते आणि बदलल्यावर पुन्हा अक्षर न् अक्षर वाचावे लागते. मोफत फॉन्टकडे वळू पाहणाऱ्याने हा वेळ हिशेबात धरलाच पाहिजे.

प्रत्यक्ष फॉन्टमध्ये माझ्या हाताखाली सर्वांत जास्त राहिला तो मुक्ता. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा हा फॉन्ट सात जाड्यांमध्ये मिळतो आणि त्याच घराण्यात गुजराती, गुरुमुखी आणि तमिळ लिप्याही आहेत. त्याचे मोठेपण असे की त्याच्याकडे लक्षच जात नाही. अहवालातली देणगीदारांची यादी साडेआठ पॉइंटला, तीन रकान्यांत, शंभर जीएसएमच्या (जीएसएम हे कागदाच्या वजनाचे माप) कागदावर छापली, आणि मंडळाच्या सत्तरीतल्या अध्यक्षांनी चष्मा न बदलता ती वाचली. देवनागरी आणि रोमन अक्षरे एकाच ओळीत आली तरी एक लिपी दुसरीवर कुरघोडी करत नाही. इमेल आणि दूरध्वनी क्रमांक असलेल्या पत्रकांत हे फार मोलाचे असते. ओळींतले अंतर मात्र मोकळे ठेवावे लागते. रोमनच्या हिशेबाने अंतर ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. मी दहा पॉइंटला पंधरा ते सोळा ठेवतो.

पुस्तकासाठी मुक्ता मला पुरेसा वाटला नाही. दोनशे पानांचे ललित लेखन सारख्या जाडीच्या रेषांत वाचताना डोळा थकतो. तिथे बोरूच्या वळणाची, जाड-बारीक रेषेची अक्षरे हवीत. दिवाळीनंतर आलेल्या एका पुस्तकासाठी मी तिरो देवनागरी मराठी निवडला आणि या नऊ महिन्यांत सर्वांत मोठे समाधान त्याने दिले. जॉन हडसन आणि फिओना रॉस या अक्षररचनाकारांचे हे काम आहे, आणि त्याचे मूळ हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने ‘मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया’ या ग्रंथमालेसाठी करवून घेतलेल्या अक्षरांत आहे. हिंदी, मराठी आणि संस्कृत यांसाठी त्याची तीन वेगळी रूपे मिळतात. मराठी रूपात पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतात, त्यासाठी कुठलीही खटपट करावी लागत नाही. सत्तर जीएसएमच्या मॅपलिथो कागदावर साडेअकरा पॉइंटला छापलेले पान मी खिडकीपाशी नेऊन पाहिले तेव्हा जुन्या खिळ्यांच्या छपाईतल्या पुस्तकांची आठवण झाली. लेखिकाबाईंनी प्रूफ हातात घेतल्यावर आधी मजकूर वाचला नाही, नुसते पान पाहत राहिल्या.

त्याची उणीवही सांगायला हवी. एकच जाडी आहे आणि सोबतीला तिरपे रूप. ठळक अक्षर नाही. आज्ञावलीतून बळेच ठळक केले तर रेषा सुजतात आणि जोडाक्षरांतल्या पोकळ्या बुजतात, म्हणून तसे कधीही करू नये. प्रकरणांच्या मथळ्यांसाठी मी त्याच्यासोबत एक्झार वापरला, ज्याला पाच जाड्या आहेत आणि जो जाड झाल्यावर अधिकच रुबाबदार होतो. आयआयटी मुंबईचा शोभिका हा फॉन्टही पाहिला. संस्कृत उद्धृते आणि दुर्मीळ जोडाक्षरे असलेल्या ग्रंथासाठी तो मी राखून ठेवला आहे.

या ल आणि श वरून शाळेच्या कामात मोठा खोळंबा झाला होता. पत्रकाचे प्रूफ परत आले तेव्हा मुख्याध्यापकबाईंनी प्रत्येक ल भोवती लाल वर्तुळ काढले होते. राज्य शासनाने २००९ साली प्रमाण मराठीसाठी वर्णमाला आणि अक्षररूपे ठरवून दिली, आणि शाळा त्याबाबत दक्ष असतात हे योग्यच आहे. मी फॉन्टला दोष देऊन तो बदलायला निघालो होतो, पण दोष माझ्या मांडणीत होता. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी रूपे आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. इनडिझाइन या पानमांडणीच्या आज्ञावलीत परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) लावला आणि भाषेच्या यादीतून मराठी निवडली, की सगळे ल एका क्षणात बदलले. संकेतस्थळासाठी काम करणाऱ्यांनीही पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवावी; हिंदी नोंदवलेल्या किंवा भाषाच न नोंदवलेल्या पानावर तोच फॉन्ट हिंदी वळणाचा ल दाखवतो.

मथळ्यांसाठी ‘बलू’ आणि ‘अनेक’ हे दोन्ही फॉन्ट ‘एक टाइप’चेच. बलूच्या पहिल्या आवृत्तीत एकच जाडी होती, दुसरीत पाच आहेत. बालवाडीच्या फलकांना आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांना तो शोभतो, श्रद्धांजलीच्या फलकाला मुळीच शोभत नाही. ‘अनेक’ हा फॉन्ट २०२२ साली आला. त्यात नऊ भारतीय लिप्या आणि रोमन आहेत, आणि जाडीसोबत रुंदीही हवी तशी कमी-जास्त करता येते. फ्लेक्सच्या कामात हे वरदान आहे, कारण ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’ हे शब्द दिलेल्या रुंदीत बसवताना लोक अक्षरे दोन्ही बाजूंनी दाबतात आणि उभ्या रेषा हडकुळ्या होतात. अरुंद म्हणूनच आखलेले अक्षर वापरले तर तसे होत नाही. एक अडचण आली: जाडी-रुंदी बदलता येणारी ही एकत्रित फाइल कोरलड्रॉ या चित्र-मांडणीच्या आज्ञावलीच्या २०२० पूर्वीच्या आवृत्त्यांत चालत नाही, आणि आमच्या भागातल्या कित्येक छापखान्यांत त्याच आवृत्त्या आहेत. प्रत्येक जाडीची सुटी फाइलही मिळते, प्रेसला तीच पाठवावी.

पॉपिन्स हा फॉन्ट सध्या सगळीकडे दिसतो. अठरा रूपे आहेत आणि रोमन अक्षरे देखणी आहेत, हे मान्य. पण त्याच्या देवनागरीत वर्तुळाची भूमिती अक्षराच्या नैसर्गिक वळणापेक्षा वरचढ ठरते, म्हणून दोन-तीन शब्दांच्या मथळ्यापलीकडे मी तो वापरत नाही. परिच्छेदात शब्द पसरट वाटतात आणि वाचनाची गती मोडते. ‘यात्रा वन’ हा फॉन्ट मुंबईच्या लोकल रेल्वेतल्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला आहे आणि भित्तिपत्रकाला छान दिसतो. एका कामात एकदाच वापरावा. ‘कलम’ हा फॉन्ट हस्ताक्षरासाठी बरा आहे.

लग्नपत्रिकेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. ‘चि. सौ. कां.’ पासून पंगतीच्या वेळेपर्यंतचा मजकूर तिरोमध्ये उत्तम बसतो, पण वधू-वरांची नावे सुलेखनाच्या थाटात हवीत असा यजमानांचा आग्रह असतो, आणि कुंचल्याच्या वळणाचा, सर्व जोडाक्षरे पूर्ण असलेला मोफत मराठी फॉन्ट मला अद्याप मिळालेला नाही. जे तपासले त्यांत ‘ज्ञानेश्वरी’ जुळले तर ‘ऋग्वेद’ तुटला. त्यामुळे नावे मी सुलेखनकाराकडून कागदावर लिहून घेतो, त्यांचे मानधन पत्रिकेच्या खर्चात आधीच धरतो आणि ती स्कॅन करून बसवतो. येत्या वैशाखातल्या तीन पत्रिका याच पद्धतीने चालू आहेत.