तपकिरी पडलेला निवडुंग: कापायचा, औषध मारायचं की तसाच ठेवायचा?

कुंडीतल्या निवडुंगावर तपकिरी डाग दिसला की आधी रंगावर जाऊ नका. साल धरणं (म्हातारपणी बुंधा लाकडासारखा होणं), ऊन लागणं, लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) आणि कूज, चारही कारणांनी झाड तपकिरीच पडतं. ओळख पटते ती दोन गोष्टींवरून: डाग कुठून सुरू झाला, आणि दाबल्यावर कडक लागतो की मऊ. काट्यांच्या मधे पेन्सिलीची बोथट बाजू टेकवून हलकं दाबा.

त्याआधी एक खात्री करून घ्या. कोकणात 'निवडुंग' म्हणून कुंपणाला असतो तो बऱ्याचदा थोर-शेराच्या जातीचा असतो. टोचल्यावर पांढरा चीक आला तर तो कॅक्टस नव्हे. चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, हातमोज्यांशिवाय कापू नका.

साल की कूज?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण दोन्ही बुंध्यापासून सुरू होऊ शकतात. झाड जुनं झालं की मातीलगतचा भाग साल धरतो. फड्या निवडुंगात आणि खांबासारख्या उभ्या जातींत हे हमखास दिसतं. हा थर चहूबाजूंनी जवळजवळ एका उंचीला असतो, खडखडीत कोरडा लागतो आणि वर चढायला महिने, वर्षं घेतो. याला उपाय नाही आणि गरजही नाही.

कूज बहुधा एका अंगाने सुरू होते. डागाच्या कडेला पिवळट, पाणी भरल्यासारखी पट्टी दिसते, पेन्सिल आत दबते, कधी आंबूस वास येतो. कुंडी हलवली की झाड डुलतं, कारण खाली धरून ठेवायला मुळंच उरलेली नसतात. तरीही शंका राहिली तर डागाच्या कडेवर मार्करने रेघ मारा आणि तीन दिवस थांबा. साल रेघेवरच राहते, कूज बहुतेक वेळा ओलांडून जाते. पेन्सिल आत दबली असेल तर मात्र तीन दिवस थांबायचं कारणच नाही.

आपल्याकडे कुजीचा हंगाम जून ते सप्टेंबर. हवाच इतकी दमट की कुंडीतलं मिश्रण दहा-पंधरा दिवस सुकत नाही. त्यातली हवेची जागा पाण्याने भरते, मुळं गुदमरून मरतात आणि मेलेल्या मुळांतून बुरशी वर शिरते. पडवीच्या कडेला पागोळ्यांखाली ठेवलेली कुंडी सर्वांत आधी जाते.

ऊन की कोळी?

ऊन लागलेला डाग आधी पांढरट-पिवळा असतो, मग कागदासारखा तपकिरी होतो. तो दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या अंगालाच असतो, कडक असतो, पसरत नाही. चार महिने ढगाळ उजेडात राहिलेलं झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम बाहेर काढलं की असं होतं. पंधरा दिवस दुपारी सावली द्या, रोज थोडं ऊन वाढवा. डाग जाणार नाही.

लाल कोळ्याचा डाग शेंड्याकडून आणि कंगोऱ्यांच्या खाचांतून सुरू होतो, लोखंडाच्या गंजासारखा बारीक ठिपक्यांचा. फेब्रुवारी ते मेमध्ये, पाऊस न लागणाऱ्या गॅलरीत आणि एसीच्या खोलीत हा जास्त. पांढऱ्या कागदावर झाड हलकेच झटका. पडलेले ठिपके चालू लागले तर निदान पक्कं. जाळं दिसेलच असं नाही, काही कोळी जाळं विणत नाहीत.

उपायांत आधी पाण्याची जोरदार धार, चार-चार दिवसांनी तीनदा, सकाळी, म्हणजे दिवसभरात झाड सुकतं. त्याने भागलं नाही तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी. कडुनिंबाचं तेल स्वस्त आणि हाताशी असलं तरी निळसर, मेणचट थर असलेल्या जातींवर नकोच. तो थर निघतो आणि झाड उन्हात भाजतं. तेल आणि गंधक यांत किमान तीन आठवड्यांचं अंतर ठेवा, एकत्र आले तरी झाड भाजतं. जुना डाग राहणारच, नवा शेंडा हिरवा आला म्हणजे औषध लागू पडलं.

कूज: मुळं धुवायची की शेंडा लावायचा?

बुंधा कडक असेल आणि फक्त मुळं काळी पडली असतील तर मुळं धुऊन काळा भाग कापून टाका, झाड आठवडाभर पंख्याखाली ठेवा आणि कोरड्या मिश्रणात लावा. उन्हाळ्यात हे जमतं. भर पावसात, बुंधा जरासा जरी मऊ असेल, तर सरळ कापा. बुंधा वाचवण्याच्या नादात शेंडाही हातचा जातो.

कापताना डागाच्या दोन सेंटिमीटर वरून सुरुवात करा. चकतीच्या मधोमध एक कडं दिसतं, ते पाणी वाहणाऱ्या नळ्यांचं. त्यावर तपकिरी किंवा नारिंगी ठिपका असेल तर कूज अजून वर आहे. सुरी स्पिरिटने पुसा, अर्धा सेंटिमीटर वर पुन्हा कापा. ठिपका राहिला तर शेंडाही कुजणार, म्हणून चकती पूर्ण स्वच्छ येईपर्यंत थांबू नका. कापावर गंधकाची पूड लावून शेंडा उभा ठेवा, आडवा ठेवलात तर वाकतो. कोरड्या दिवसांत दहा दिवस पुरतात, जुलैत तीन आठवडे आणि पंखा. काप टणक झाला की मिश्रणावर नुसता टेकवा. मुळं फुटायला तीन ते सहा आठवडे लागतात, पहिलं पाणी त्यानंतर.

औषधात लोक आधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घेतात. पाण्यात वाढणाऱ्या पिथियम, फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूंवर ते चालत नाही, आणि पावसाळी मूळकूज बरेचदा त्यांचीच असते. म्हणून उरलेल्या झाडांना कॉपर ऑक्सिक्लोराईड, लिटरला अडीच ग्रॅम, हे बरं. आत शिरलेली कूज मात्र यानेही थांबत नाही, तिथे सुरीच.

लाल-पिवळ्या गोळ्याचा मून कॅक्टस वेगळा. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तो स्वतःच्या मुळांवर जगू शकत नाही, दुसऱ्या निवडुंगाच्या हिरव्या दांड्यावर कलम केलेला असतो. खालचा ड्रॅगन फ्रूटचा दांडा कुजला आणि गोळा चांगला असेल, तर ताज्या दांड्यावर लगेच कलम करा. दोन्हींच्या मधली कडी एकमेकांना भिडली पाहिजेत, मग रबर लावून दहा दिवस सावलीत.

मिश्रण आणि कुंडी

जांभ्याची 3 ते 6 मिलिमीटर खडी दोन भाग, नदीची जाड वाळू एक, शेणखत किंवा कंपोस्ट एक. खडी चाळून, धुऊन घ्या, नाहीतर तिची भुकटी चिखल होऊन तळाशी बसते. समुद्राची वाळू खारट, ती नको. कोकोपीटही नको, पाणी धरून ठेवतं. मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा बरी, पण भर पावसाळ्यात तिच्या बाहेरूनही शेवाळ धरतं, म्हणजे तीही सुकत नसते. मिरगाआधी कुंड्या झड न लागणाऱ्या उजेडाच्या जागी हलवा आणि सप्टेंबरपर्यंत पाणी बंद ठेवा. अंगठ्याएवढी लहान रोपं सुरकुतली तर महिन्यातून एकदा, ऊन पडलेल्या सकाळी, दोन चमचे.