कमरेचा पट्टा, सात महिन्यांनंतर

गेल्या पंधरवड्यात डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर कंबरदुखीसाठी बांधते त्या माझ्या पट्ट्याचं वेल्क्रो सुटलं, ते पुन्हा धरेचना. एप्रिलमध्ये साडेतेराशेला घेतलेला पट्टा. बिल जपून ठेवलं होतं, ते घेऊन दुकानात गेले. एक वर्षाची गॅरंटी आतल्या धातूच्या पट्ट्यांना आहे, वेल्क्रोला नाही, असं तिथे सांगितलं. बिलावर तसं एका अक्षरानेही लिहिलेलं नाही. वेल्क्रोच धरत नसेल तर आतला धातू कमरेला कसा टेकणार? आठ दिवस हेलपाटे घालून शेवटी चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडून साठ रुपयांत नवं वेल्क्रो शिवून घेतलं. ते मूळच्यापेक्षा घट्ट बसतंय.

पट्टा घेणार असाल तर आधी वेल्क्रो बघा. चार बोटं तरी रुंद हवं. लेडीज डब्यात ओढण्या आणि लोकर त्याला चिकटतात, धागे अडकले की पकड जाते. दर रविवारी जुन्या टूथब्रशने ते धागे काढावे लागतात. पट्टा थेट अंगावर बांधू नका, आत सुती कपडा हवाच. मे महिन्यात माझ्या कमरेभोवती घामोळ्यांचं कडं उठलं होतं.

माझं दुखणं एल४-एल५ मधल्या, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या गादीचं. उजव्या ढुंगणापासून पोटरीपर्यंत कळ. एमआरआय झाल्यावर एका खाजगी रुग्णालयात रिपोर्ट बघून लगेच ऑपरेशनची तारीख दिली, अडीच लाखांचा अंदाज हातात ठेवला, आणि उशीर केलात तर पाय जाईल असं सांगितलं. मला टेबलवर झोपवून पाय कुणी उचलूनही पाहिला नाही. त्या रात्री मी आणि हे, दोघंही झोपलो नाही. एफडी मोडायची ठरली होती.

वहिनीने हट्टाने परळला केईएममध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी सरळ पाय वर उचलून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचांवर आणि चवड्यांवर चालवलं, अंगठा जोर लावून वर करायला सांगितला. लघवी-शौचावर ताबा आहे ना, बैठकीची जागा बधिर वाटते का, हे विचारलं. यातलं काही बिघडलेलं असतं, किंवा पाऊल लुळं पडत असतं, तर लगेच ऑपरेशन केलं असतं, आणि तेव्हा एक दिवसही थांबायचं नसतं. माझी ताकद शाबूत होती. बहुतेकांची अशी कळ सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरते, म्हणाले. एमआरआयला एवढं घाबरू नका, हेही त्यांनीच सांगितलं. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक लोकांत कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली होती.

मग फिजिओथेरपी. पोटावर झोपायचं, कंबर सैल सोडून हातांवर छाती उचलायची. दहा वेळा, दिवसातून पाच-सहादा. ही पद्धत न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेंझी यांची. १९५६ मध्ये त्यांचा एक रुग्ण चुकून पाठ मागे वाकेल असा पालथा पडून राहिला आणि त्याचा पाय मोकळा झाला, तिथून हे सुरू झालं. चौथ्या दिवशी माझ्या पोटरीतली कळ थांबली, पण कंबर इतकी दुखायला लागली की मी व्यायाम बंद केला आणि पुन्हा ऑपरेशनचा विचार करायला लागले. फिजिओ म्हणाली, "काकू, दुखणं पायातून वर येतंय ना, मग येऊ द्या. खाली सरकलं तर मात्र लगेच थांबा आणि मला फोन करा." हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. कळ पायातून कमरेकडे गोळा होणं हे सुधारणेचं लक्षण, हे कळलं नाही म्हणून माझे नऊ दिवस वाया गेले. अर्थात हा व्यायाम सगळ्यांचा नाही. माझ्या सासूबाईंचा मणक्यातला मार्गच अरुंद झालाय. त्यांना मागे वाकलं की पाय भरून येतात आणि बसलं की बरं वाटतं. तपासल्याशिवाय कुणी करू नये.

जूनअखेर पायातली कळ गेली. तरी गाडीत पट्टा बांधतच होते, आणि पट्ट्यानेच मला वाचवलं असं सगळ्यांना सांगत होते. ते मत आता बदलावं लागतंय. दुकानाशी भांडण चालू होतं ते आठ दिवस मी ७:४८ च्या फास्टने पट्ट्याशिवाय गेले, दोनदा ठाण्यापर्यंत उभी. काही झालं नाही. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीला पट्टा देऊ नका असंच म्हटलंय, हे फिजिओने मला मे महिन्यात सांगितलं होतं. तेव्हा मी ऐकलं नाही. पहिले तीन आठवडे, उठता-बसताना धीर यायला, पट्टा कामाला आला. पुढचे सहा महिने मी तो भीतीपोटी बांधला. आता तो फक्त गावी जाताना एसटीत लावते, घाटापुरता.

साडेतेराशे मात्र मी सोडणार नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, बिलाचा आणि तुटक्या वेल्क्रोचा फोटो जोडून.