बिघडलेल्या सर्च बारनेच दिला ‘कस्टमर केअर’चा नंबर

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि घरोघरी विंडोज 11 ची गडबड सुरू झाली. माझ्या काकांनीही लॅपटॉप एका ओळखीच्या दुकानात देऊन अपग्रेड करून आणला. घरी आल्यावर क्रोमच्या वरच्या पट्टीत काहीही टाइप केलं की गूगलऐवजी भलतंच पान उघडायला लागलं. अर्ध्याहून जास्त जाहिराती आणि गूगलसारखाच दिसणारा चौकोन. नवीन विंडोज असंच असेल म्हणून काकांनी काही दिवस चालवून घेतलं. मग वैतागून त्याच पट्टीत ‘सर्च बार प्रॉब्लेम कस्टमर केअर नंबर’ असं टाइप केलं.

सगळी गोम इथे आहे. पट्टी ज्याने पळवलीय त्याच्याच पानावर तुम्ही मदत शोधता. चोरालाच पोलीस चौकीचा पत्ता विचारावा, तसं. असल्या पानांवर वरच्या जागा पैसे मोजणाऱ्याला मिळतात. काकांना पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत मोबाईल नंबर दिसला, शेजारी ‘24 तास मोफत’.

पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. “सर, आप बिल्कुल टेन्शन मत लीजिए.” त्याने एक अॅप टाकायला सांगितलं, त्यातला नऊ आकडी कोड विचारला, आणि लॅपटॉपचा माऊस आपोआप फिरू लागला. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशाच प्रकाराबद्दल सावध केलं होतं, त्यात एनीडेस्क या दूर बसून दुसऱ्याचं यंत्र चालवायच्या अॅपचं नावही होतं. अॅप खोटं नसतं. ऑफिसचे आयटीवाले रोज वापरतात. फक्त कोड कोणाला सांगतोय हे बघायचं.

मग त्याने एक खिडकी उघडून लाल-पिवळ्या चिन्हांची लांबलचक यादी दाखवली. “ये सब हैकर का अटैक है, सर.” ती विंडोजचीच इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही. धडधाकट कॉम्प्युटरवरही तिच्यात शेकडो एरर असतात. कुठली सर्व्हिस उशिरा सुरू झाली, कुठला प्रिंटर सापडला नाही, असल्या फुटकळ. पण जिल्हा परिषदेत जन्मभर लाल शाईचे शेरे वाचलेल्या माणसाला लाल रंग पुरेसा होता.

तीन वर्षांच्या ‘सिक्युरिटी पॅक’चे 2,999 रुपये काकांनी नेटबँकिंगने भरले, त्याच्या डोळ्यांदेखत. पाच मिनिटांनी तो म्हणाला, जीएसटीमुळे पेमेंट अडकलंय, रिफंड देतो, ओटीपी सांगा. स्क्रीन काळी झाली. “सर्वर अपडेट हो रहा है, दस मिनट हाथ मत लगाइए.” त्या काळ्या पडद्यामागे खातं उघडंच होतं. रिफंडला ओटीपी लागत नाही, आणि यूपीआय पिन तर पैसे घेताना कधीच लागत नाही. पण तेव्हा काका त्या माणसाला ‘साहेब’ म्हणत होते.

खातं दोघांच्या नावावर, मेसेज काकूंच्याही फोनवर. “अहो, हे एकोणीस हजार कशाचे?” असं त्यांनी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, तोवर अजून एक व्यवहार होऊन गेला होता. त्यांनी मला फोन लावला. मी आधी वायफाय बंद करायला लावलं, त्या माणसाचा फोन कट करायला लावला, मग बँकेला सांगून नेटबँकिंग आणि कार्ड ब्लॉक केलं आणि लगेच 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. हा नंबर पाठ करून ठेवा. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच गोठवता येतात. आमचा शेवटचा 22,000 चा व्यवहार तसाच अडकवला गेला, बाकीचे गेले. बँकेने रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकावर बोट ठेवलं: ओटीपी ग्राहकानेच दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याचं, तक्रारीनंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

आता मूळ दुखण्याचं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ उघडलं, तर खाली बारीक अक्षरांत ओळ होती: अमुक एक्स्टेन्शन ही सेटिंग नियंत्रित करत आहे. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम. हे कुठलंसं पीडीएफ कन्व्हर्टर, अपग्रेडच्या दिवशीच आलेलं. ते काढलं, गूगल परत निवडलं, नोटिफिकेशनची परवानगी घेतलेल्या अनोळखी साइट उडवल्या, काम झालं. एवढ्याने नाही भागलं तर सेटिंग्जमध्येच सगळं मूळ स्थितीला आणायचा पर्याय आहे. फायरफॉक्समध्येही ‘रिफ्रेश’ आहे. घरच्या लॅपटॉपवर ‘ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित’ असं दिसलं तर मात्र प्रकरण खोल आहे, जाणकाराला समोर बसवून करून घ्या. आणि टास्कबारवरच्या शोधातून एज ब्राउझर आणि बिंग सर्च उघडतं तो बिघाड नाही, मायक्रोसॉफ्टने ते तसंच ठेवलंय. आवडो न आवडो.

क्रोमसाठी आपल्यासारख्यांना फोनवरचं कस्टमर केअर नसतंच. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्येही फोन नंबर कधीच नसतो. मदत शोधायचीच तर दुसऱ्या, चांगल्या चालणाऱ्या फोनवरून, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर शोधा.

परका माणूस आत फिरून गेलेल्या लॅपटॉपवर नुसतं एक्स्टेन्शन काढून भागत नाही. फोटो नि कागदपत्रं बाजूला काढून आम्ही तो फॉरमॅट केला. पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले, पहिला ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांच्या चाव्या तिथेच येतात.

पंधरवड्याने फोन आला. मराठीत. “सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, 4,500 रुपये प्रोसेसिंग फी भरा.” फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात, आणि दुसऱ्या फेरीतला चोर पोलीस होऊन येतो. पोलीस पैसे परत करायला फी घेत नाहीत. काकूंनी फोन हातात घेऊन आमचा तक्रार क्रमांक काय, एवढंच विचारलं. त्याने शिवी हासडून फोन ठेवला. तो नंबर आम्ही संचार साथी या दूरसंचार खात्याच्या साइटवर, संशयास्पद फोन कळवायच्या ‘चक्षू’ सोयीत नोंदवला. काका अनोळखी फोन अजूनही उचलतात, पण आता काकू स्पीकर लावायला लावतात.