रोजचं लेखन: घड्याळ लावून की शब्द मोजून?

पहिला खर्डा असेल तर शब्द मोजावेत, दुरुस्ती असेल तर घड्याळ लावावं. दुरुस्तीत शब्द घटतात. तिथे ३०० शब्दांचं लक्ष्य चांगल्या कामाच्याच मुळावर येतं.

घड्याळाची प्रसिद्ध रीत, ‘पोमोदोरो’, इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची, १९८०च्या दशकातली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. (इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणजे टोमॅटो, त्यांचं स्वयंपाकघरातलं टायमर त्या आकाराचं होतं.) यात एक चोरवाट आहे: नुसतं बसून राहिलं तरी २५ मिनिटं भरतात. म्हणून बसण्याआधी चिठ्ठीवर एकच ओळ लिहावी, आज कोणता परिच्छेद घ्यायचा ती. गजर फोनवर तर नकोच. तो बंद करायला गेलेला हात व्हॉट्सॲपवर रेंगाळतो.

शब्दमोजणीची खोड वेगळी. आकडा गाठायला विशेषणं फुगतात. वहीत लिहिणाऱ्यांनी तीन ओळींतल्या शब्दांची सरासरी काढून पानावरच्या ओळींनी गुणावं, एकेक शब्द मोजत बसू नये. सुरुवातीला १५० पुरेत. खाडा पडलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहायला जाऊ नये. थकबाकी साठली की वही उघडवत नाही.