‘प्लेट गेली’ म्हणणाऱ्याला आधी पेडल मोजायला सांगा

प्रवासात जुन्या कॅम्पर व्हॅनचा क्लच बिघडला की फसवणूक बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होते: “प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” इथे प्लेट म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी क्लचची चकती. हे म्हणायला गाडीखाली वाकावंही लागत नाही. बिऱ्हाड गाडीतच, गाव अनोळखी, रात्री झोपायची जागाही तीच. असं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, हे समोरच्याला चांगलं ठाऊक असतं. एकदा गिअरबॉक्स खाली आला की गाडी तिथून हलत नाही आणि यादी लांबत जाते: प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, इंजिनाला जोडलेलं जड चाक म्हणजे फ्लायव्हील, मग “सीलही गळतंय”.

सर्वात जास्त चालणारा प्रकार असा. पेडल मऊ पडलेलं, गिअर पडत नाहीत, रिव्हर्स टाकताना कर्रकर्र आवाज. गॅरेजवाला पेडल दोनदा दाबतो, मान हलवतो आणि पूर्ण क्लच किट सांगतो. खरा दोष असतो स्लेव्ह सिलिंडरच्या, म्हणजे पेडलने ढकललेल्या फ्लुइडच्या दाबाने दांडा सरकवून क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरच्या, आतल्या रबरात. हा सिलिंडर बऱ्याच जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या बाहेर दोन बोल्टवर बसलेला असतो. नुसती प्लेट बदलून दोष जाणार नाही, म्हणून सिलिंडर गुपचूप बदलला जातो आणि बिलात त्याचं नावही येत नाही. गाडी मस्त चालते आणि गिऱ्हाईक वर आभार मानून निघतं. म्हणूनच हा डाव सहसा उघडकीला येत नाही.

फरक ओळखायला एक गोष्ट पक्की लक्षात असावी. घासून पातळ झालेली प्लेट सरकते: चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं, पण वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो. गिअर न पडणं हा नेमका उलटा आजार. त्यात क्लच धरतो, सुटत मात्र नाही. प्लेट झिजली म्हणून गिअर अडत नाहीत. गिअर अडत असताना कोणी “प्लेट घासली” म्हणत असेल, तर एक तर त्याला काम येत नाही किंवा जास्तच येतं.

इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. मग पेडल भराभर चार-पाच वेळा मारून लगेच गिअर टाका. तेवढ्यापुरता गिअर पडला, तर हायड्रॉलिकमध्ये हवा आहे किंवा एखादं सील आतल्या आत फ्लुइड सोडतंय. आता एकाला पेडल दाबायला बसवा आणि दुसऱ्याने स्लेव्हच्या दांड्याकडे पाहावं. दांडा सेंटिमीटरभरही सरकत नसेल, तर दोष बाहेरच आहे. स्लेव्हचं रबरी बूट उचकटून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर गेला. पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर गळत असेल, तर पेडलच्या वर, पायाजवळच्या कार्पेटवर ओशट डाग दिसतो. टाकी ब्रेकची आणि क्लचची एकच असेल, तर पातळी उतरण्याचं कारण ब्रेकही असू शकतो. ते आधी तपासा, तिथे चालढकल नको.

हवा काढायला पारदर्शक नळी, बाटली आणि स्लेव्हवरच्या हवा काढायच्या निपलला बसणारा पाना पुरतो. नळीचं टोक बाटलीतल्या फ्लुइडमध्ये बुडवायचं, पेडल दाबून धरायचं, निपल सैल करायचा, पुन्हा आवळायचा आणि मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहायचं, टाकी रिकामी पडू द्यायची नाही. अर्धा लिटर डॉट 4 फ्लुइड भरपूर होतं, मात्र टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच वापरायचं. काही गाड्यांना खनिज तेलाचं फ्लुइड लागतं. डॉट फ्लुइडच्या टाकीत कोणी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतलं, तर रबरं फुगतात आणि मास्टरपासून स्लेव्हपर्यंत सगळी सीलं बदलावी लागतात. सामायिक टाकी असेल तर ब्रेकचीही. “थोडं तेल टाकून देतो” म्हणत हात पुढे आला, तर बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू देऊ नका.

क्लच सरकतोय, तरीही लगेच प्लेटवर जायचं कारण नाही. पेडलला वर थोडा मोकळा प्ले, म्हणजे क्लच सुटू लागण्याआधीची मोकळी हालचाल, हवी. फ्लुइडऐवजी केबलने क्लच ओढणाऱ्या गाड्यांत तो साधारण 10 ते 25 मिमी असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. प्लेट झिजते तसा केबलवरचा प्ले कमी होत जातो, आणि शून्य झाला की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर कायम दाब देत राहतं. अशी गाडी ॲडजस्टर दोन फेरे सैल केल्यावर पुन्हा खेचायला लागते. काही जण हेच उलटं वापरतात: “पेडल टाइट करून देतो” म्हणत प्ले संपवतात. पेडल छान लागतं आणि पुढच्या घाटात क्लच जळतो. हायड्रॉलिकमध्ये जुना रबरी होज आतून सुजला की फ्लुइड पुढे जातं, पण परत येत नाही. सरकणं सुरू होताच स्लेव्हचा निपल क्षणभर सैल करा. दाबाने पिचकारी उडाली आणि क्लच धरायला लागला, तर होज किंवा मास्टर बदला. प्लेटला हात लावायची गरज नाही.

धक्के देत उचलणाऱ्या क्लचवरही असेच पैसे काढले जातात. आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग रबरं हलवून पाहा. फोक्सवॅगनच्या मागे इंजिन असलेल्या एअरकूल्ड व्हॅनमध्ये आणखी एक जागा आहे: क्लच केबलच्या मागच्या टोकाची बाउडन नळी, म्हणजे केबलवरचं लवचीक आवरण. तिला साधारण 25 ते 45 मिमी झोल हवा. नळी ताठ असली तर क्लच थरथरत धरतो. इलाज आहे दोन-चार वॉशरचा, आणि सांगितलं जातं इंजिन उतरवायचं काम.

महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी हा वेगळाच प्रकार. ओलीमुळे प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. पेडलचा प्रवास बरोबर, दांडाही पूर्ण सरकतो, तरी गिअर पडत नाही. मोकळ्या सपाट मैदानात इंजिन गरम करून घ्या, मग बंद करा. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून क्लच दाबूनच स्टार्टर मारा. गाडी चालायला लागेल. क्लच दाबलेला ठेवून ॲक्सिलरेटर द्या, सोडा, पुन्हा द्या. बहुतेक वेळा एका धक्क्यात प्लेट सुटते. समोर माणूस, भिंत किंवा गाडी काहीही नको.

प्लेट खरंच संपली आहे का, हे पाहायला सपाट जागेवर हँडब्रेक पक्का ओढा, तिसरा गिअर टाका, इंजिन 1500 आरपीएमच्या आसपास फिरवत क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय. फिरतच राहिलं तर सरकतोय. एकदाच करा, पुन्हापुन्हा केलंत तर ही चाचणीच प्लेट खाईल.

गिअरबॉक्स उतरवणं अटळ असेल, तर काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या: प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही नवीन, आणि काढलेले भाग परत. गाडी खोलल्यावर स्वतः जाऊन पाहा. दुसऱ्याच गाडीची काळी पडलेली प्लेट दाखवणं हा फार जुना खेळ आहे. तिच्या मधल्या भोकाचे दाते तुमच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून बघा आणि व्यास नव्या प्लेटशी जुळवा. अस्तर रिव्हेटच्या डोक्यापेक्षा 0.3 मिमीपेक्षा जास्त उंच असेल, तर प्लेट अजून मेलेली नाही. प्लेटवर तेल दाखवलं तर बोट लावून पाहा. खरी गळती बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या खोळीच्या, आत फटकारे मारते आणि धुळीत मिसळून काळी, चिकट होते. प्लेटवर तेवढं ताजं, चकचकीत तेल आणि आजूबाजूला कोरडं, म्हणजे ते बाटलीतून आलंय. गळती खरी असेल तर वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, म्हणजे गिअरबॉक्सचं सील. तसा दर्प नसेल तर क्रँकशाफ्टचं मागचं सील. बिलात दोन्ही लागले, तर दोन्ही जुनी सीलं मागा.

फ्लायव्हील “लेथवर घासून आणलं” म्हणतात, तेव्हा पृष्ठभाग सगळीकडे एकसारखा दिसला पाहिजे. निळे डाग तसेच असतील तर फक्त पॉलिश पेपर मारलाय. जोडण्याआधी नव्या प्लेटवर खडूने खूण करून फोटो काढून ठेवा.

पैसे देण्याआधी स्वतः चालवा. इंजिन चालू ठेवून क्लच दाबा, तीन सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. आवाज यायला नको. अजूनही गिअर अडत असेल, तर प्लेट उलटी बसली असेल किंवा गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर टांगून ती वाकवली असेल. दोन्ही चुका गॅरेजच्या, त्याचं वेगळं बिल नाही. खाली वाकून गिअर ऑइलचा फिलर प्लगही काढायला लावा. बहुतेक गिअरबॉक्समध्ये तेल प्लगच्या कडेपर्यंत हवं. काम करताना सांडलेलं तेल परत भरायचं राहून गेलं, तर पुढचा बळी गिअरबॉक्सचा.

गाडी अजून खोललेली नसेल आणि माणूस पटत नसेल, तर क्लचशिवायही निघता येतं. पेडल दाबल्याखेरीज स्टार्टर न लागण्याची सोय जुन्या गाड्यांत सहसा नसते. इंजिन बंद, पहिला गिअर, समोर मोकळा रस्ता, आणि स्टार्टर मारायचा. गाडी हिसका देत निघते. गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रल करायचं, इंजिनाचा वेग उतरू द्यायचा आणि हलक्या हाताने वरचा गिअर लागेपर्यंत थांबायचं. जोर लावला तर दाते झिजतील. थांबायच्या आधी न्यूट्रल. गर्दीत आणि चढावर हे जमत नाही, पण पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर पुढच्या गॅरेजपर्यंत एवढं पुरतं.