२६० लिटरचा डबल डोअर फ्रिज, १४ महिन्यांनंतर: आत किती थंड आहे ते कळतच नाही

मागच्या जूनमध्ये याच फ्रिजला मी पाच तारे दिले होते. आज दोन देते आहे. लिटर, स्टार रेटिंग, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वगैरे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सरळ मेच्या दुसऱ्या आठवड्यावर येते.

सलग तीन दिवस दूध फाटलं. संध्याकाळी आणलेली पिशवी दारातल्या कप्प्यात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला पातेल्यात ओतली की उकळी येण्याआधीच चोथा वर. पहिल्या दिवशी दूधवाल्याला बोलले, दुसऱ्या दिवशी दुकान बदललं. तिसऱ्या दिवशी बाकीचं पाहिलं तर दही आंबट ढोण आणि नागपूरच्या कॉटन मार्केटातून रविवारी आणलेली सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी मंगळवारीच चिकट झालेली. दुधातले जंतू साखरेचं आम्ल करतात. नुसतं पाहून ते कळत नाही, गॅसवर चढवलं की फाटतं.

आणि फ्रिज तर चालू होता! दिवा लागत होता, वर बर्फ जमत होता, हात घातला की गार लागत होतं. पॅनेलवर कूलिंग ५ वर होतं. माझी सगळी तक्रार या ५ वर आहे. तो ५ अंश नाही, ती नुसती पायरी आहे. २७,५०० रुपयांच्या वस्तूत आत नेमके किती अंश आहेत ते दाखवणारा आकडा कुठेच नाही. मी २२० रुपयांचा थर्मामीटर आणला, पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवला. सकाळी ११ अंश! दारातल्या कप्प्यात १४. अन्न ५ अंशांच्या खाली राहायला हवं. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात.

दुधाचं नुकसान मी सोसलं असतं. पण त्याच आठवड्यात वडाभात उरला होता. दुपारी तीन तास ओट्यावर राहिला, मग फ्रिजमध्ये गेला, दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन मुलाला वाढला. वास चांगला, चवही चांगली, आणि अडीच तासांत त्याला चार उलट्या झाल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, भात कधीचा होता? शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते जागे होतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की फोडणीने किंवा गरम करण्याने ते जात नाही. अन्न सडवणारे जंतू वास सोडतात, आजारी पाडणारे बहुतेक वेळा सोडत नाहीत. इतकी वर्षं मी वास घेऊन ठरवत आले, सासूबाईही तसंच करायच्या. आता उरलेला भात परातीत पसरून निववते आणि एका तासात आत ठेवते. एरवी दोन तास चालतात, पण ३२ अंशांच्या वर एकच, आणि मेमध्ये आमच्या मानेवाड्याच्या स्वयंपाकघरात कूलर लावूनही ३५ असतं.

सर्व्हिसवाला चौथ्या फोननंतर आला. फ्रीजरमध्ये हात घातला आणि म्हणाला, “ताई, कूलिंग बरोबर आहे. ऊन पाहून राहिले ना तुम्ही?” थर्मामीटर दाखवला तर म्हणे, हे स्वस्तातले असेच असतात. मग स्वतःच गॅस भरायला सांगितला, २,८०० रुपये. मी नाही म्हटलं. फ्रीजरमध्ये उणे १७ होतं. या प्रकारात खालच्या कप्प्याला थंड हवा फ्रीजरमधूनच येते, म्हणजे वर एवढं थंड असताना गॅस गेला कसा? त्याच्याकडे उत्तर नव्हतं, तरी भेटीचे ४५० घेऊन गेला. ते पैसे मला अजून डाचतात.

दुसरा आला तो वयस्कर होता. त्याने दहाची नोट दारात धरून दार लावलं आणि नोट ओढली. चारही बाजूंनी फिरवत नेली. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात नोट अलगद सुटून आली. रबर तिथे आत दबलं होतं. त्याच कोपऱ्यात महिनाभर पाण्याचे थेंब जमत होते, कडेला काळी बुरशी धरली होती, आणि मी कूलरचा ओलावा समजून रोज फडक्याने पुसत होते! बाहेरची दमट हवा आत शिरत होती, तिचंच ते पाणी. त्या वयस्कर भाऊंनी गरम पाण्यात भिजवलेल्या टॉवेलने रबर शेकून सरळ केलं, फुकट. ते बारा दिवस टिकलं. मग नवीन बसवलं, १,१५० रुपये.

इथे मत थोडं बदलते. रबर बदलल्यावर एका रात्रीत ११ वरून ५ वर आला, म्हणजे यंत्र चांगलं आहे. तरी दुपारी साडेसहा-सात दिसायचं. मागच्या लेबलवर क्लायमेट क्लास ‘टी’ लिहिलंय, त्याचा अर्थ ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी. आमचा फ्रिज पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटून होता. तो वीतभर पुढे ओढला, तर आता बाहेर ४५ असलेल्या दुपारीही आत ५ राहतं. पहिला माणूस उन्हाला दोष देत होता तो अगदीच खोटा नव्हता. दूध आता दारात ठेवत नाही, मधल्या फळीवर मागे ठेवते.

भाजीचा ड्रॉवर मात्र उत्तम. जानेवारीत संत्री तीन आठवडे ताजी राहिली. फक्त ओरखडा असलेलं फळ आधी वेगळं काढायचं. मऊ पाणचट डाग, त्यावर पांढरी आणि मग हिरवी पूड, ही बुरशी जखमेतूनच शिरते आणि पूड शेजारच्या फळांवर उडते.

कंपनीने पॅनेलवर एक आकडा दिला असता तर हे सगळं एप्रिलच्या सुरुवातीलाच कळलं असतं. पहिलं वर्षभर रबर वॉरंटीत असतं, हे मला दुसऱ्या माणसाने रबर बसवताना सांगितलं. बिलावर वॉरंटी संपल्याची तारीख १९ एप्रिल आहे.